सचेतनपटातील भावाभिव्यक्ती

सचेतनपटातील भावाभिव्यक्ती : रेखाटलेल्या किंवा घडविलेल्या निर्जीव आकृतींची क्रमवार छायाचित्रे घेऊन त्यांना पडद्यावर गतीचा आभास प्राप्त करून देण्याच्या तंत्रास सचेतनीकरण किंवा ॲनिमेशन असे म्हणतात आणि या तंत्राने तयार झालेल्या चित्रपटास सचेतनपट ही संज्ञा आहे. सचेतनपटातील पात्रांचे हर्ष, शोक, भय, लज्जा इ. भाव प्रेक्षकांपर्यंत पोहोचविण्यासाठी दिग्दर्शक आणि आरेखक ज्या दृश्य साधनांची योजना करतात, त्यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

नटाच्या अभिनयात बरेच काही त्याच्या नकळत घडते. श्वास अडखळतो, पापणी लवते, ओठाची कड थरथरते आणि कॅमेरा ते टिपून घेतो. सचेतनपटात असे आपोआप काहीच घडत नाही. तेथे पापणी लवली, तर ती कोणीतरी विचारपूर्वक लवविलेली असते. तसेच एखादे पात्र स्तब्ध उभे राहिले, तर तेही कोणाच्या तरी निर्णयानेच. म्हणून सचेतनपटातील भाव हा सर्वस्वी रचलेला असतो आणि रचणाऱ्याने माणसांचे जे निरीक्षण केले असेल, तेवढेच त्यात उतरते. आरेखकाने कोणाचे हावभाव पाहिले, हा प्रश्न या कलेत तंत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पूर्वपीठिका : चित्रातील स्थिर आकृतीला भाव प्राप्त करून देण्याची समस्या भारतीय कलाविचारास नवीन नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसदृष्टी, आठ स्थायिभावदृष्टी व वीस संचारिभावदृष्टी मिळून ३६ दृष्टी सांगितल्या आहेत. केवळ डोळ्यांच्या अवस्थांचे इतके सूक्ष्म वर्गीकरण सचेतनपटाच्या आरेखकास आजही उपयुक्त वाटेल असे आहे. याच ग्रंथातील स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय हे आठ सात्त्विक भाव या संदर्भात विशेष लक्षणीय आहेत. मन एकाग्र झाल्याखेरीज ते प्रकट होत नाहीत, म्हणून नटाच्या दृष्टीने ते सर्वांत अवघड होत. नटाला इच्छामात्रे घाम आणता येत नाही किंवा चेहरा पांढराफटक करता येत नाही. आरेखकाला मात्र हीच गोष्ट सर्वांत सोपी असते. कपाळावरील घामाचा थेंब म्हणजे स्वेद व चेहऱ्यावर ओढलेल्या उभ्या निळसर रेषा म्हणजे वैवर्ण्य, असे जपानी व्यंगचित्रमालिकांतील संकेत एकेका फटकाऱ्यात सिद्ध होतात. या सुलभतेतच धोकाही आहे. जे चिन्ह सहज काढता येते, ते लवकरच अर्थशून्य होते. त्याचा विचार पुढे केला आहे.

महाराष्ट्रातील दोन परंपरा या विषयाशी निकटच्या आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रात अर्धोन्मीलित नेत्र, किंचित कललेली मान आणि हातातील कमळावरील हलकी पकड एवढ्याच सामग्रीतून करुणा प्रतीत होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी ही दुसरी परंपरा. कथेतील प्रसंगांच्या सुट्या चित्रांचा संच, म्हणजे पोथी, पुढ्यात ठेवून कथेकरी एकेक चित्र दाखवीत जातो आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने आख्यान लावतो. चित्रातील आकृती मोठ्या डोळ्यांच्या व ठाशीव बाह्यरेषेच्या असतात. त्या हलत नाहीत. हलतो तो कथेकऱ्याचा आवाज, आणि चित्र किती वेळ डोळ्यांपुढे ठेवायचे हेही तोच ठरवितो. या कलेच्या जतनाबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा किताब जाहीर झाला. जपानमध्ये कामिशिबाई नावाचा कागदी चित्रांचा असाच खेळ रस्त्यांवर होत असे आणि जपानी चित्रमालिकांच्या पूर्वसूरींत त्याची गणना होते. स्थिर चित्र, बोलता आवाज व राखून ठेवलेला वेळ या तिहींच्या संयोगातून भावनिर्मिती होते, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

भावदर्शनाची साधने : (१) पात्ररचना : पात्राचा आकार निश्चित करतानाच त्याच्या भावांची मर्यादा ठरते. थोड्या रेषांचा चेहरा अधिक प्रेक्षकांना आपला वाटतो, तर अधिक रेषांचा चेहरा विशिष्ट व्यक्तीचा होतो. जपानी पात्रांचे मोठे डोळे हे तेझुका ओसामू (१९२८–८९) यांच्या चित्रांमुळे रूढ झाले. त्यांवर अमेरिकन व्यंगपटांचा व ताकाराझुका येथील स्त्रीनटांच्या रंगभूमीचा प्रभाव होता. डोळ्याचे क्षेत्र वाढले, की त्यात प्रकाशाचे ठिपके, बुबुळाचा आकार, पापण्यांची जाडी यांत फरक करण्यास वाव मिळतो. बुबुळातील प्रकाशबिंदू काढून टाकला, तर बाकीचा चेहरा तसाच ठेवूनही पात्राचे मन विझल्याचा प्रत्यय येतो.

(२) कालमापन : चित्रपटाच्या पडद्यावरून सेकंदास २४ चौकटी सरकतात. आरेखक प्रथम हालचालीच्या आरंभीची व अखेरची अशी प्रमुख चित्रे काढतो आणि त्यांच्यामधली चित्रे साहाय्यक भरतात. मधल्या चित्रांची संख्या व त्यांतील अंतरे यांवर भाव अवलंबून असतो. समजा, एक स्त्री टपालाने आलेल्या पत्राकडे हात नेते. पहिली व शेवटची स्थिती तीच ठेवून मधे चार चित्रे घातली, तर हात झटक्याने जातो आणि ती पत्राची वाट पाहत होती असे वाटते. मधे वीस चित्रे घालून त्यांतील बहुतेक शेवटच्या टप्प्यात दाटीने बसविली, तर हात पत्राजवळ जाऊन रेंगाळतो व मजकुराची धास्ती जाणवते. दोन्ही दृश्यांत चेहरा काढलाच पाहिजे असे नाही.

(३) स्तब्धता : गतीवर आधारलेल्या या कलेत गतीचा अभाव हे अत्यंत प्रभावी साधन आहे. विन्सर मॅके यांच्या गर्टी द डायनोसॉर (१९१४) मध्ये रागावल्यावर रडणारी डायनोसॉर दाखविली आहे. रेखाटलेल्या पात्राला स्वभाव देणाऱ्या आद्य प्रयत्नांपैकी तो एक होय. पुढे वॉल्ट डिझ्नी यांच्या स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स (१९३७) या चित्रपटात राजकन्येच्या पार्थिवाभोवती जमलेल्या बुटक्यांचा शोक फ्रँक टॉमस यांनी रेखाटला, तो जवळजवळ न हलणाऱ्या आकृतींतून. तोवर त्या पात्रांची धावपळच प्रेक्षकांनी पाहिली असल्यामुळे त्यांचे थबकणे विशेष परिणामकारक होते.

(४) दृश्ययोजना : पात्र चौकटीत कोठे उभे आहे, त्याच्याभोवती किती रिकामी जागा आहे आणि आपण त्याला कोणत्या उंचीवरून पाहतो, यांवरून त्याची मनःस्थिती सूचित होते. समीपदृश्याने भाव सांगितला जातो, तर दूरदृश्याने तो प्रेक्षकावर सोपविला जातो. एका भावशून्य चेहऱ्याला अन्नाचे, शवपेटीचे किंवा बालकाचे दृश्य जोडले असता प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात वेगवेगळे भाव दिसतात, हे रशियन दिग्दर्शक ल्येफ कुलेशॉव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले तत्त्व सचेतनपटास अधिकच लागू पडते, कारण येथील चेहरा मुळातच मोजक्या रेषांचा असतो.

(५) रंग व ध्वनी : पार्श्वचित्रांतील रंगांचे तापमान प्रसंगानुरूप बदलता येते. वास्तवाशी इमान राखण्याचे बंधन छायाचित्रणाहून येथे कमी असते. ध्वनीच्या बाबतीत संवादांइतकेच महत्त्व शांततेला आणि घड्याळाची टिकटिक, पंख्याची घरघर अशा क्षुल्लक आवाजांना असते.

जपानी दूरचित्रवाणी मालिका : वरील साधनांचा सर्वांत पद्धतशीर वापर जपानच्या ॲनिमे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकांत झाला. त्यामागे आर्थिक कारण आहे. सुमारे २२ मिनिटांच्या एका भागात ३१,००० हून अधिक चौकटी असतात. प्रत्येक आठवड्याला तितकी चित्रे काढणे अशक्य असल्याने तेझुका यांच्या तेत्सुवान आतोमू (१९६३) या मालिकेपासून एक चित्र तीन चौकटी टिकविणे, केवळ ओठ हलविणे, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकविणे अशा युक्त्या रूढ झाल्या. यास मर्यादित सचेतनीकरण म्हणतात. सामान्यतः एका भागासाठी तीन ते पाच हजार चित्रे पुरी पडतात. काटकसरीतून जन्मलेल्या या पद्धतीस पुढे स्वतंत्र शैलीचे रूप आले. देझाकी ओसामू यांनी उत्कट क्षणी चलनदृश्य थांबवून त्याच्या जागी रंगवलेले स्थिर चित्र आणण्याचा प्रघात पाडला. अशा वेळी काळ जणू पात्राच्या मनात साठून राहतो.

मालिकेच्या प्रत्येक भागास स्वतंत्र दिग्दर्शक असतो. स्टोरीबोर्ड म्हणजे चित्रमय पटकथा तयार झाली, की भागाचा भावनिक आलेख निश्चित होतो. प्रमुख आरेखक हालचाली रेखाटतात आणि सचेतनीकरण-दिग्दर्शक सर्वांची चित्रे तपासून पात्राचा चेहरा एकसारखा राहील हे पाहतो. एकाच पात्राचे अश्रू अशा प्रकारे अनेक हातांतून जातात.

ताकाहाता इसाओ यांनी दिग्दर्शित केलेल्या हायडी (१९७४) या मालिकेसाठी निर्मितीगटातील कलावंत प्रत्यक्ष स्वित्झर्लंडला जाऊन आले. तेथील घरे, कुरणे व दैनंदिन व्यवहार यांच्या निरीक्षणावर मालिकेची उभारणी झाली. डोंगरात मोकळी वाढलेली हायडी फ्रँकफुर्टमध्ये घराच्या ओढीने झुरते, हा भाग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. आधीच्या भागांतील विस्तीर्ण आकाश येथे नाहीसे होते. उंच भिंती, जड पडदे आणि खिडकीबाहेर दिसणारी छपरे एवढेच उरते. मुलीचे दुःख तिच्या चेहऱ्यापेक्षा तिच्याभोवतीच्या अवकाशाच्या संकोचातून कळते.

आन्नो हिदेआकी यांच्या निऑन जेनेसिस इव्हँजेलियन (१९९५–९६) या मालिकेत स्तब्धतेची परिसीमा आढळते. तिच्या बाविसाव्या भागात परस्परांशी न पटणाऱ्या दोन मुली एका उद्‌वाहनात उभ्या आहेत. जवळजवळ ५० सेकंद चित्र स्थिर असते व यंत्राचा आवाज तेवढा ऐकू येतो. चोविसाव्या भागात नायकाला आपल्या मित्राचा जीव घ्यावा लागतो. त्या निर्णयाआधी एकच चित्र मिनिटाहून अधिक काळ पडद्यावर राहते व पार्श्वभूमीस बेथोव्हनची नववी सिंफनी चालू असते. काही न हलणाऱ्या त्या चित्रात प्रेक्षक स्वतःची अस्वस्थता ओततो. यामादा नाओको यांच्या कोए नो काताची (२०१६) या चित्रपटात याउलट चिन्हाचा उपयोग आहे. अपराधी भावनेने ग्रासलेल्या नायकाला इतरांच्या चेहऱ्यांवर फुल्या दिसतात आणि तो लोकांकडे पाहू लागतो, तेव्हा त्या गळून पडतात. संपूर्ण चित्रपटाने अर्थ मिळवून दिल्यामुळे येथे चिन्ह पोकळ राहत नाही.

महाराष्ट्रातील व भारतातील प्रयत्न : दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्यांची मौज या लघुपटात काडेपेटीतील काड्यांना चालते केले. प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये जंबूकाका हा व्यंगपट सादर केला. सातत्यपूर्ण कार्याचा आरंभ मात्र मुंबईतील फिल्म्स डिव्हिजन या शासकीय संस्थेत (पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन) १९५६ मध्ये व्यंगपट विभाग स्थापन झाला तेव्हापासून मानला जातो. डिझ्नी संस्थेतील आरेखक क्लेअर वीक्स यांनी तेथील कलावंतांना शिक्षण दिले. या विभागाच्या द बनयन डिअर (१९५७) या जातककथेवरील लघुपटात अजिंठ्याच्या चित्रशैलीचा आधार घेण्यात आला. तंत्र अमेरिकेचे आणि रेषा अजिंठ्याची, असा तो संगम होता.

विजया मुळे यांच्या एक अनेक और एकता (१९७४) या लघुपटाचे सचेतनीकरण भीमसैन यांनी केले व संगीत वसंत देसाई यांनी दिले. जाळ्यात अडकलेली पाखरे एकजुटीने उडून जातात, ही परिचित कथा येथे अल्प हालचालींत सांगितली आहे. पाखरांना फारसा चेहरा नाही. त्यांचे भय व त्यानंतरचा उल्हास विस्कळीत आणि एकवटलेल्या समूहाच्या आकारातील फरकाने व्यक्त होतो. दूरदर्शनवरून हा लघुपट वारंवार दाखविला गेल्यामुळे एका पिढीच्या स्मरणात तो कायम राहिला.

भारतीय भाव व जपानी तंत्र यांची प्रत्यक्ष भेट रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम (१९९२) या चित्रपटात झाली. साको यूगो यांच्या या उपक्रमात सासाकी कोइची आणि मुंबईचे राम मोहन (मृत्यू २०१९) हे सहदिग्दर्शक होते व संगीत वनराज भाटिया यांचे होते. जपानी आरेखक निष्णात होते, परंतु धोतर नेसलेला पुरुष कसा चालतो, जमिनीवर बसून माणसे कशी जेवतात, धाकटे थोरांचा आशीर्वाद कसा घेतात, हे त्यांनी पाहिलेले नव्हते. भारतीय कलावंतांनी त्यांना या गोष्टी टप्प्याटप्प्याने समजावून दिल्या. वरवर पाहता हा वेशभूषेचा तपशील वाटतो, पण भावदर्शनाचे मर्म तेथेच आहे. वनवासाला निघालेला पुत्र मातेच्या पायांशी वाकतो, तेव्हा पाठीचा बाक, हातांचा मार्ग आणि वर उठण्यास लागणारा वेळ यांतच निरोपाचे दुःख असते. जपानी पद्धतीचे कमरेतून लवणे तेथे घातले असते, तर चित्र निर्दोष राहूनही प्रसंग परका झाला असता. दुसरी अडचण नायकाच्या चेहऱ्याची. रूढ देवप्रतिमेतील राम शांत व प्रसन्न असतो, तर नाट्याला शोक आणि क्रोध हवे असतात. या दोहोंतून मार्ग काढताना मुद्रा संयत ठेवून भावाचा भार निसर्गदृश्ये, प्रकाश व संगीत यांकडे सोपविणे हा उपाय सोयीचा ठरतो. २४ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला.

राम मोहन यांनी युनिसेफच्या मीना या मालिकेसाठीही पात्ररचना केली. दक्षिण आशियातील अनेक देशांच्या मुलींना आपलीशी वाटेल अशी बालिका त्यांना निर्माण करावयाची होती. त्यामुळे तिचा वेष व चेहरा कोणत्याही एका प्रदेशापुरता न ठेवता हावभाव मात्र या भूभागाचे राखणे आवश्यक होते.

मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेच्या विद्यार्थिनी गीतांजली राव यांचा प्रिंटेड रेनबो (२००६) हा लघुपट याच विचाराची पुढची पायरी होय. एकाकी वृद्धा, तिचे मांजर आणि काडेपेट्यांवरील चित्रे एवढाच त्याचा विषय. वृद्धेचे घर करड्या छटांत रंगविले आहे, तर काडेपेटीतील कल्पनासृष्टी रंगांनी ओसंडते. संवादांवाचून, केवळ दोन रंगसृष्टींच्या अंतरातून एकटेपण मोजले जाते. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात या लघुपटास पुरस्कार लाभले. त्यांच्या बॉम्बे रोझ (२०१९) या पूर्ण लांबीच्या, चौकटीमागून चौकट रंगविलेल्या चित्रपटात मुंबईच्या रस्त्यावर फुले विकणारी नायिका आहे. तिच्या स्वप्नदृश्यांना लोकचित्रकलेचे व लघुचित्रांचे रूप दिले आहे.

मर्यादा व मूल्यमापन : १९९० नंतर भारतातील चित्रशाळांकडे परदेशी मालिकांचे काम मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. प्रमुख चित्रे तिकडून येत व मधली चित्रे भरणे, रंगविणे ही कामे येथे होत. यातून रोजगार व तांत्रिक कौशल्य वाढले. परंतु दुसऱ्याने ठरविलेल्या दोन स्थितींमधील अंतर भरणाऱ्या आरेखकाला भाव ठरविण्याचा अधिकार नसतो. पत्राकडे जाणारा हात रेंगाळावा की झेपावावा, हा निर्णय त्याच्यापर्यंत येतच नाही. वर्षानुवर्षे असे काम करणाऱ्या कलावंताचे स्वतःच्या परिसराकडे पाहण्याचे वळण क्षीण होण्याचा संभव असतो.

प्रेक्षकांच्या बाजूनेही हाच प्रश्न उभा राहतो. मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर किंवा वसई-विरार येथील मराठी घरांतील मुले गेली काही दशके जपानी मालिका बहुधा हिंदी आवाजांतून पाहत आली आहेत. चेहरा जपानी, आवाज हिंदी आणि ऐकणारे मन मराठी, अशी ही तिहेरी रचना असते. घामाचा थेंब, कपाळावरची फुगलेली शीर, लाजेची तिरपी रेषा हे संकेत ती मुले सहज वाचतात. शोक, भय यांचा गाभा कोणत्याही भाषेत पोहोचतो, याचे हे प्रमाण होय. त्याचबरोबर त्यांच्या स्वतःच्या रेखाटनांत हेच संकेत तयार साच्याप्रमाणे उतरतात आणि शेजारच्या आजीने पदराच्या टोकाने डोळे टिपण्याची रीत त्यांत येत नाही, असेही घडू शकते.

संगणकामुळे मधली चित्रे भरण्याचे श्रम आता बरेच कमी झाले आहेत आणि त्यामुळे या कलेतील निरीक्षणाचा भाग अधिक ठळकपणे पुढे आला आहे. किती चित्रे काढावीत यापेक्षा कोणते चित्र थांबवावे, हा निर्णय सचेतनपटात निर्णायक असतो. पिंगुळीचा कथेकरी एखादे चित्र पालटण्यापूर्वी क्षणभर थांबतो, तेही याच निर्णयाचे रूप आहे. तो निर्णय पात्राच्या मातीतील माणसांना पाहून घेतला गेला, तर मोजक्या रेषांची आकृतीही पाहणाऱ्यास आपली वाटते.